इंजेक्शन थांबवलंय, पण परत सुरू कधी?

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझे वडील 69 वर्षांचे, आम्ही सांगली जिल्ह्यातले. गेल्या महिन्यात बाथरूममध्ये घसरून त्यांचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, घरी आणलं. बाराव्या दिवशी संडासहून येताना एकदम धाप लागली, घाम सुटला. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांत रक्ताच्या गुठळ्या निघाल्या. पोटावर टोचायची रक्त पातळ करायची इंजेक्शनं दिवसातून दोनदा सुरू केली. चौथ्या दिवशी डांबरासारखी काळी शी झाली, चक्कर आली, हिमोग्लोबिन 11 वरून 6.4 वर आलं. इंजेक्शन बंद केलं, दुर्बीण घालून बघितलं तर आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होता, त्यावर क्लिप लावली, दोन पिशव्या रक्त दिलं. आज तिसरा दिवस. बीपी ठीक आहे, ऑक्सिजन थोडाच लागतो, हिमोग्लोबिन 8.2, शी अजून काळपट आहे पण कमी. क्रिएटिनिन थोडं वाढलंय म्हणतात. आता एक डॉक्टर म्हणतात थांबून बघू, दुसरे म्हणतात पोटातल्या मोठ्या शिरेत जाळी बसवू. भाऊ म्हणतो हे प्रयोग करतायत, पुण्याला हलवू. रक्त पातळ करायचं की घट्ट करायचं हेच यांना कळत नाहीये असं वाटतं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं म्हणे, ते का देत नाहीत? आणि अजून एक, गुडघेदुखीसाठी बाबा वर्षभर पेनकिलर घेत होते, मेडिकलमधून मीच आणून द्यायचे. त्याने झालं का हे सगळं? – एक मुलगी

उत्तर : ताई, पत्र काल रात्री आलं आणि बाबा अजून आयसीयूत आहेत म्हणून बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी तुम्हाला लिहितेय. मी पेशंट बघितलेला नाही, फाईल हातात नाही, त्यामुळे बाबांना कुठलं औषध किती द्यायचं ते मी इथून सांगणार नाही, ते तिथल्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण तुम्हाला दोन डॉक्टर दोन टोकाचं बोलतायत असं वाटतंय ना, तसं ते नाहीये, आणि ते का नाहीये हे समजलं तर उद्या राऊंडला नेमकं काय विचारायचं हे तुम्हाला कळेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो "पातळ" शब्द. आपण सगळेच म्हणतो, मीही पेशंटला असंच सांगते, पण त्याने मोठा गैरसमज होतो. ताकात पाणी घातल्यासारखं हे औषध रक्त पातळ करत नाही, आणि जी गुठळी झालीये ती विरघळवतही नाही. नवीन गुठळी जमू द्यायची नाही आणि असलेली वाढू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. विरघळवायचं काम शरीर स्वतः करतं, हळूहळू, त्याला आठवडे लागतात. शरीर आपलं साफसफाई करत असतं आणि औषध तेवढा वेळ दारात राखण करत बसतं असं समजा.

आणि ही राखण कशासाठी, तर फुफ्फुसातली गुठळी बहुतेक वेळा फुफ्फुसात तयारच होत नाही. ती जमते पायाच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत, मग तिथून सुटते, पोटातल्या मोठ्या शिरेतून वर हृदयाच्या उजव्या बाजूला जाते आणि तिथून फुफ्फुसाच्या नळ्यांत जाऊन अडकते. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वर दहा-बारा दिवस अंथरुणावर, म्हणजे गुठळी व्हायला लागणारं सगळं एकत्र आलं. बाबांच्या फुफ्फुसात जे पोचलं ते पोचलं, त्यातून ते सावरतायत असं तुमच्या पत्रावरून दिसतंय. खरी काळजी मागे पायात काही शिल्लक आहे का त्याची, कारण पहिल्या गुठळीने दमलेलं हृदय दुसरी झेलेलच असं नाही.

हे किती गंभीर असतं ते डॉक्टरांना सुद्धा एका जुन्या अभ्यासातून कळलं. 1960 साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला बॅरिट आणि जॉर्डन या दोन डॉक्टरांनी फुफ्फुसात गुठळी झालेल्या पेशंटचे दोन गट केले, 16 जणांना गुठळीचं औषध दिलं आणि 19 जणांना दिलं नाही. न दिलेल्या 19 पैकी 5 जण गुठळीनेच गेले, आणखी 5 जणांना परत गुठळी झाली पण ते वाचले. औषध दिलेल्या 16 मध्ये गुठळीने एकही गेला नाही. फरक इतका उघड होता की पुढे औषध न देता कुणाला ठेवणं बरोबर नाही म्हणून ती तुलनाच थांबवली. पण औषधाच्या गटातही एक मृत्यू झाला होता, आणि त्या पेशंटला न्युमोनिया होता आणि ड्युओडेनमच्या, म्हणजे आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागातल्या, अल्सरमधून रक्त गेलं होतं. बघा, तुमच्या बाबांचा जो पेच आहे तो या उपचाराच्या पहिल्याच अभ्यासात होता. कुणी तुमच्या घरावर प्रयोग करत नाहीये ताई, हा पेच पहिल्यापासून या औषधाबरोबरच आलेला आहे.

आता मुद्द्यावर येते. हिमोग्लोबिन 11 वरून 6.4 वर आलं, चक्कर आली, तेव्हा इंजेक्शन थांबवलं ते शंभर टक्के बरोबर केलं. दुर्बीण घालून जागा शोधली, क्लिप लावली, तेही बरोबर आणि वेळेत केलंय. पण थांबवणं हा अर्धाच निर्णय असतो, उरलेला अर्धा म्हणजे परत सुरू कधी आणि कशाने, आणि सुरू होईपर्यंत काय. हा अर्धा भाग कुणीतरी मोठ्याने बोलून फाईलवर लिहावा लागतो, नाहीतर तो हरवतो.

हरवतो म्हणजे कसा ते सांगते, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर झालंय. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या टीममध्ये होते तिथे एक पन्नाशीचे गृहस्थ होते, पायात आणि फुफ्फुसात गुठळी, औषध सुरू केलं आणि लघवीतून भरपूर रक्त जायला लागलं. औषध थांबवलं. पाच दिवसांनी रक्त थांबलं, सगळ्यांना हायसं वाटलं, पेशंट चालायला लागला, डिस्चार्ज झाला. डिस्चार्ज कार्डवर "रक्तस्रावामुळे औषध थांबवले" एवढंच वाक्य होतं. लघवीचे डॉक्टर समजत होते की ते मेडिसिनवाले बघतील, आम्ही समजत होतो की लघवीच्या डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की सुरू करू, आणि घरच्यांना वाटलं आता त्या औषधाची गरज संपली. तिसऱ्या आठवड्यात ते घरातच कोसळले. त्यांची बायको हातात ते कार्ड घेऊन उभी होती आणि मला विचारत होती की यात तर औषध बंद लिहिलंय ना. तेव्हापासून माझ्याकडे असा पेशंट असला की मी "थांबवले" च्या पुढे तारीख लिहिल्याशिवाय पेन ठेवत नाही.

म्हणून उद्या सकाळी राऊंडला फिजिशियन आणि दुर्बीण केलेले डॉक्टर दोघांसमोर हा एक प्रश्न विचारा, की औषध परत सुरू करायचा विचार कोणत्या दिवशी करणार आहात आणि त्या दिवशी काय बघून ठरवणार. भांडणाच्या सुरात नको, वहीत लिहून घ्यायचंय म्हणून विचारा. चांगले डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाहीत, उलट दोघं तिथल्या तिथे एकमेकांशी बोलतात आणि तेच आपल्याला हवंय.

हा दिवस कसा ठरतो ते समजून घ्या. दोन धोके आहेत आणि दोघांची वेळ वेगळी आहे. अल्सरवर क्लिप वगैरे लावल्यानंतर परत रक्त जायचा धोका सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या तीन दिवसांत, म्हणून ते ऍसिड कमी करायचं औषधही साधारण 72 तास शिरेतून मोठ्या डोसमध्ये देतात. तीन दिवस निभावले की तो धोका उतरायला लागतो. गुठळीचा धोका मात्र असा तीन दिवसांत उतरत नाही. औषध पहिल्याच महिन्यात बंद राहिलं तर त्या महिन्याभरात परत गुठळी व्हायचा धोका साधारण 40 टक्के धरतात, त्याच्या पुढच्या दोन महिन्यांत मिळून तो 10 टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे पहिल्या महिन्यात औषधाशिवाय गेलेला एकेक दिवस साधारण सव्वा टक्क्याचा पडतो. पहिले दोन-तीन दिवस हे सोसावंच लागतं, कारण उघड्या अल्सरवर औषध देणं म्हणजे नळ सोडून देणं, पण आठ-पंधरा दिवस "बघू बघू" करत राहणं परवडत नाही. बाबा आत्ता बरोबर त्या वळणावर आहेत जिथे एक धोका उतरतोय आणि दुसरा तसाच उभा आहे, आणि अशा वेळी दोन चांगले डॉक्टर थोडं वेगळं बोलले तर त्यात नवल नाही.

शी काळपट आहे त्याने घाबरू नका. आतड्यात साठलेलं जुनं रक्त बाहेर पडायला काही दिवस लागतात. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या असतील तर त्यानेही शी काळी होते. परत रक्त चालू झालं हे ओळखायचं ते नाडी वाढली, बीपी उतरलं, हिमोग्लोबिन घसरलं, परत डांबरासारखी पातळ आणि वास मारणारी शी किंवा रक्ताची उलटी झाली यावरून. हिमोग्लोबिन 8.2 ला टिकून आहे का हे दिवसातून एकदा तरी विचारा. आणि हो, ते 8.2 बघून "अजून दोन बाटल्या चढवा" असा आग्रह कृपा करून धरू नका, घरोघरी हेच होतं, भाचे-पुतणे सगळे ब्लड बँकेत पळवतात. 2013 मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी पोटात रक्तस्राव झालेल्या 921 पेशंटचा अभ्यास छापला. एका गटाला हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेलं तरच रक्त दिलं, दुसऱ्याला 9 च्या खाली गेलं की दिलं. सहा आठवड्यांनी पहिल्या गटातले 95 टक्के जिवंत होते, जास्त रक्त दिलेल्या गटातले 91 टक्के. हृदयाचा त्रास असलेल्याला रेषा थोडी वर ठेवतात, ते तिथले डॉक्टर बघतील.

आता जाळीचं. तिला आयव्हीसी फिल्टर म्हणतात. जांघेतल्या किंवा मानेतल्या शिरेतून बारीक नळी घालून पोटातल्या मोठ्या शिरेत छत्रीच्या काड्यांसारखी जाळी उघडून ठेवतात, पायातून गुठळी सुटली तर ती तिथे अडते, वर जात नाही. पोट फाडायचं नसतं, भूलही जागेपुरती. ऐकायला इतकं छान वाटतं की घरचे म्हणतात बसवूनच टाका आणि औषधाची कटकट मिटवा. पण जाळी गुठळी अडवते, गुठळी व्हायचं थांबवत नाही. फ्रान्समध्ये 400 पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, 1998 मध्ये छापला, त्यात जाळीने सुरुवातीला फुफ्फुसातल्या गुठळ्या कमी झाल्या खऱ्या, पण दोन वर्षांनी बघितलं तर जाळीवाल्यांमध्ये पायात परत गुठळी झालेले 20.8 टक्के आणि बिनजाळीवाल्यांमध्ये 11.6 टक्के, आणि जगण्या-मरण्यात फरक नाही. पुढे 2015 मध्ये, काढता येणारी जाळी वापरून, औषध चालू असलेल्या लोकांना वरून जाळी दिली तर काही फायदा होतो का हेही बघितलं, झाला नाही.

मग जाळी वाईट का, तर नाही. ज्याला औषध देताच येत नाहीये आणि गुठळी ताजी आहे त्याच्यासाठी ती आहे, तेवढ्या दिवसांची टेकू म्हणून. म्हणूनच तुमचे दुसरे डॉक्टर ती सुचवतायत, ते काही पैशासाठी बोलतायत असं लगेच मनात आणू नका. फक्त बसवायच्या आधी दोन गोष्टी विचारा. पहिली, दोन्ही पायांचा डॉप्लर झालाय का, तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. ऑपरेशनच्या बाजूचा पाय नुसता ऑपरेशननेही सुजतो, त्यामुळे बघून सांगता येत नाही, डॉप्लरच लागतो. मांडीच्या शिरेत मोठी गुठळी लोंबकळत असेल तर जाळीचं पारडं जड होतं, पाय स्वच्छ असतील तर तीच जाळी बरीच कमी कामाची ठरते. साधी सोनोग्राफी आहे, बेडवर येऊन करतात, तिच्यावर अख्खा निर्णय फिरू शकतो. दुसरी गोष्ट, काढता येणारी जाळी आहे ना आणि काढायची तारीख कोणती. अमेरिकेच्या एफडीएने 2010 मध्ये आणि परत 2014 मध्ये याबद्दल सूचना काढली, कारण काढता येणाऱ्या जाळ्या लोकांच्या पोटात तशाच राहत होत्या, शिरेच्या भिंतीत घुसत होत्या, तुटत होत्या. धोका टळला असेल तर बसवल्यापासून साधारण 29 ते 54 दिवसांच्या दरम्यान काढलेली बरी असा त्यांचा हिशोब आहे. बसवणारा डॉक्टर काढायला बोलवेल ही वाट बघू नका, तुम्हीच कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

मला विचाराल तर, आणि हे फाईल न बघता बोलतेय हे लक्षात ठेवून ऐका, क्लिप नीट बसलीये, तीन दिवस हिमोग्लोबिन टिकलंय, बीपी ठीक आहे अशा पेशंटमध्ये माझा कल जाळीपेक्षा हेपॅरिनच्या ड्रिपकडे जातो. पोटावर टोचायचं नाही, हेपॅरिन म्हणजे तेच गुठळी वाढू न देणारं औषध, पण शिरेतून पंपाने थेंब थेंब जाणारं, साधं जुनं. पोटावरचं इंजेक्शन एकदा टोचलं की तासन्‌तास अंगात राहतं, परत काढून घेता येत नाही, त्यात ते किडनीतून बाहेर जातं आणि बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, वाढलंय म्हणजे आणखीच रेंगाळणार. कदाचित पहिल्या वेळी त्यानेही हातभार लावला असेल. ड्रिपचा असर मात्र तास-दीड तासात निम्म्यावर येतो, पंप बंद केला की काही तासांत मामला संपतो, आणि फारच घाई झाली तर प्रोटामिन नावाचं उतारा-इंजेक्शन आहे त्याने लगेच उतरवता येतं. पोटावरच्या इंजेक्शनवर तेच प्रोटामिन अर्धवटच चालतं. अशा पेशंटला सुरुवातीचा मोठा डोस देत नाहीत, हळू चालू करतात, दर काही तासांनी एपीटीटी नावाची रक्ताची तपासणी करत चढवतात. कटकटीचं आहे, सिस्टर लोकांना दमवणारं आहे, म्हणून काही ठिकाणी टाळतात, पण एक पाय ब्रेकवर ठेवून चालवायचं असेल तर हेच. बाबांना मासे खाऊन अंगावर गांध्या उठतात का, घसा सुजतो का हे आठवून आजच सांगून ठेवा, प्रोटामिन माशांपासून बनतं आणि अशा माणसाला त्याची जोरदार रिऍक्शन येऊ शकते. ड्रिपवर परत रक्त गेलं, किंवा दुर्बिणीच्या डॉक्टरांनी सांगितलं की अल्सरची जागा अशी आहे की अजून आठवडाभर तरी कुठलंच औषध नको, तर मग मी स्वतः जाळी मागेन.

विरघळवायचं इंजेक्शन, त्याचं थोडक्यात. ते आहे, अल्टेप्लेज, टेनेक्टेप्लेज वगैरे, पण ते गुठळी कुठली आणि जखमेवरची खपली कुठली हे ओळखत नाही, सगळंच विरघळवतं. बाबांना तीन दिवसांपूर्वी रक्त गेलंय, महिन्याच्या आत हाडाचं ऑपरेशन झालंय, त्यांना ते म्हणजे आगीत तेल. रक्त न जाणाऱ्या पेशंटमध्ये सुद्धा, बीपी ठीक पण हृदयावर ताण आलेल्यांना देऊन बघितलं तेव्हा मेंदूत रक्तस्राव 2 टक्क्यांना झाला, न दिलेल्यांत 0.2 टक्के होता, हा 2014 चा हजारभर पेशंटचा युरोपातला अभ्यास. ज्याचं बीपी 90 च्या खाली कोसळलंय, हृदयाची उजवी बाजू फुगलीये, मिनिटांचा खेळ आहे, त्याच्यासाठी ते औषध. त्यातही रक्त जात असेल तर हल्ली मोठ्या शहरांत नळीने गुठळी ओढून काढतात किंवा ऑपरेशन करतात. बाबांचं बीपी चांगलं आहे, ऑक्सिजन थोडाच लागतोय, देवाच्या कृपेने ती वेळ नाहीये.

आणि "घट्ट करायचं" इंजेक्शन. कुणीतरी नातेवाईक सुचवेलच, की ट्रॅनेक्सा का देत नाहीत, अमक्याला पाळीच्या रक्तस्रावाला दिलं आणि लगेच थांबलं. पाळीला, बाळंतपणाला, अपघाताला त्याचा उपयोग आहे. पण पोटातल्या रक्तस्रावावर 2020 साली 12 हजारांवर पेशंटचा अभ्यास आला, मृत्यू काही कमी झाले नाहीत आणि शिरांमधल्या गुठळ्या मात्र 0.4 वरून 0.8 टक्के, म्हणजे दुप्पट झाल्या. ज्याच्या फुफ्फुसात आधीच गुठळी बसलीये त्याला हे कशाला. ते देत नाहीयेत म्हणजे तुमचे डॉक्टर विचार करून चाललेत.

पुण्याला हलवायचं का. भावाची तळमळ मला कळते, बापासाठी काहीतरी करतोय असं वाटायला गाडी काढावीशी वाटते. पण आधी आहे तिथे काय आहे ते बघा. रात्री दोन वाजता दुर्बीण करणारं कुणी येतं का, जवळ ब्लड बँक आहे का, इको आणि डॉप्लर होतो का, गरज पडली तर जाळी बसवणारं, पोटातली रक्तवाहिनी आतून बंद करणारं कुणी मिरज-सांगलीत आहे का. मिरजेला पूर्वीपासून कुठून कुठून पेशंट येतात, हे सगळं तिथे मिळायला अडचण नसावी. मिळत असेल तर आत्ता, क्लिप लावून तीन दिवस झालेल्या आणि औषध बंद असलेल्या माणसाला चार-पाच तास ऍम्ब्युलन्समध्ये हादरे द्यायची मला गरज दिसत नाही. नसेल मिळत, तर मात्र आजच, बीपी ठीक आहे तोवर, डॉक्टर आणि ऑक्सिजन बरोबर घेऊन हलवा, परत रक्त गेल्यावर नाही.

घरी आल्यावरचंही आत्ताच सांगून ठेवते. ऑपरेशननंतर झालेल्या गुठळीला साधारण तीन महिने औषध लागतं, जन्मभर नाही. गोळी सुरू करायची वेळ आली की कोणती हे विचारा. ऍपिक्साबॅनमध्ये पोटातला रक्तस्राव रिवारोक्साबॅनपेक्षा कमी दिसतो, म्हणून अल्सर होऊन गेलेल्याला बरेच जण ऍपिक्साबॅन निवडतात, पण किडनीचा आकडा बघून. बाबा सकाळी हृदयासाठी छोटी ऍस्पिरिन घेत असतील, काही जण वर्षानुवर्षं घेतात आणि डॉक्टरांना सांगायचं विसरतात, तर ते सांगा, दोन्ही एकत्र चालू ठेवायची खरंच गरज आहे का ते ठरवावं लागेल. ऍसिडची गोळी तीन महिने तरी चुकवू नका. आईंना प्रेमाने सांगा की सुजलेला पाय तेल लावून चोळायचा नाही, आपल्याकडे पाय सुजला की पहिलं तेल गरम होतं, पण आत गुठळी असेल तर चोळून ती सुटू शकते. लसणाचा काढा, अर्जुनसाल, कुणी पाठवलेली चूर्णं, काहीही रक्त शुद्ध-पातळ करणारं या तीन महिन्यांत घरात नको.

आता त्या गोळ्यांचं, ज्यासाठी मला वाटतं तुम्ही हे पत्र लिहिलंत. हो ताई, अल्सर त्या पेनकिलरने झाला असण्याची शक्यता बरीच आहे, मी खोटं सांगणार नाही. पण फुफ्फुसातली गुठळी त्या गोळ्यांमुळे झाली असं मला वाटत नाही, ती मोडलेल्या हाडामुळे, ऑपरेशनमुळे आणि पडून राहण्यामुळे झाली. अल्सर आधीपासून गप्प बसलेला होता, गुठळीच्या इंजेक्शनने त्याला उघडं पाडलं. बापाचे गुडघे दुखतायत, त्याला जिना चढवत नाही, म्हणून मुलीने मेडिकलमधून गोळ्या आणल्या, आणि वर्षभर चिठ्ठीशिवाय त्या देताना काउंटरपलीकडच्या कुणीही विचारलं नाही की पोटाची गोळी बरोबर घेता का, डॉक्टरांना दाखवलंय का. त्यातलं तुमच्या वाट्याला किती येतं ते तुम्हीच बघा, मला तर त्यात माया दिसते.

आणि डॉक्टरांच्या नजरेने ही माहिती चांगली आहे. अल्सरला कारण सापडलं आणि ते कारण काढून टाकता येण्यासारखं असलं की परत रक्त जायचा धोका कमी होतो, म्हणजे गुठळीचं औषध सुरू करायची हिंमत वाढते. दुर्बिणीच्या वेळी एच. पायलोरी या अल्सर करणाऱ्या जंतूची तपासणी घेतली का तेही विचारा, रक्त जात असताना घेतलेली तपासणी कधीकधी खोटी नॉर्मल येते तेव्हा नंतर परत करायला लागते, आणि सापडला तर दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो. घरी जाऊन बाबांच्या उशाजवळची, कपाटातली, पँटच्या खिशातली सगळी पाकिटं एका पिशवीत घाला, अर्धी फाडलेली स्ट्रिप असली तरी, आणि उद्या ती पिशवीच डॉक्टरांच्या हातात द्या. गुडघ्यांसाठी तोवर पॅरासिटामॉल चालेल, किती ते डॉक्टरांना विचारून.